तीनशे शब्दांत

सोसायटीच्या ऑफिसची किल्ली नाडकर्णीकाकांनी दिली
ती एका अटीवर : निघताना पंखा बंद करायचा
आणि कॅरमची पावडर कोण पळवतं ते बघायचं.
कन्नमवारनगर, रात्रीचे पावणेअकरा.
टेबलावर थकबाकीची वही, हरवलेल्या किल्ल्यांचा डबा,
माझा लॅपटॉप, आणि दुपारची उरलेली भेंडी.
घरात दोन खोल्या, पाच माणसं आणि एक मालिका
जिच्यात तीन वर्षं कुणाचं तरी लग्न मोडतंय.

'तुमच्या एखाद्या अपयशाबद्दल लिहा. मर्यादा तीनशे शब्द.'

दिवसभर मी दुसऱ्यांची नुकसानं मोजते.
बॅलार्ड इस्टेट, दुसरा मजला, सागरी विमा, दावे विभाग.
भिजलेली साखर, गंजलेली बेअरिंगं,
कोचीहून निघालेली आणि कुठेच न पोचलेली मिरी.
कारण, रक्कम, पुरावा, शेरा.
हे मला येतं. सात वर्षं येतंय.
स्वतःची फाइल उघडली की मात्र
पहिल्याच रकान्यात हात थांबतो.

क्लासवाला म्हणाला होता, अपयश असं निवडा
की वळून पाहिलं तर यशासारखं दिसेल.
एवढं सांगायचे त्याने पंचेचाळीस हजार घेतले.

शिफारसपत्राचं टिपणीससाहेब म्हणाले,
"तूच लिही गं, मी सही करतो.
माझं इंग्रजी पत्रव्यवहाराचं, त्यात कौतुक बसत नाही."
म्हणून तीन रात्री मी टिपणीससाहेब झाले.
चष्मा कपाळावर सरकवून स्वतःकडे पाहिलं.
लिहिलं : मी हिला सात वर्षं ओळखतो.
ही आकड्यांना घाबरत नाही.
हिच्यावर भरवसा टाकून मी रजेवर जाऊ शकतो.
हे शेवटचं खोडलं. पुन्हा लिहिलं.
मला असं घरीदारी कुणी म्हटलेलं नाही.
उणिवेच्या जागी टाकलं : कामात फार गुंतते.
सगळेच टाकतात.

साहेबांनी चहा संपेपर्यंत वाचलं. सगळं राहू दिलं.
फक्त उणीव खोडली आणि लाल पेनाने, मराठीत, लिहिलं :
चूक कळली तरी माणसाला फोन करत नाही.
"याला इंग्रजीत काय म्हणतात ते तू बघ," म्हणाले,
आणि पेनाला टोपण लावलं.

हसन मुकादम, ससून डॉक.
कोळंबीचे दोनशे खोके, वाटेत बंद पडलेला कॉम्प्रेसर.
तापमानाच्या नोंदीचं एक पान नाही, म्हणून दावा नामंजूर.
सही माझी.
ते पान वर्षाने सापडलं, भलत्याच फाइलीत,
शेजारच्या कागदाला चिकटून बसलेलं.
वर कळवलं. उत्तर आलं : मुदत उलटली.
तोवर मुकादमांनी गाळा सोडला होता.
नंतर मला त्या वर्षीची बढतीही मिळाली.

आज हे लिहिलं. तीनशे अठरा शब्द झाले.
अठरा कुठले काढू? कोळंबी काढून पाहिली,
मग नुसतेच दोनशे खोके उरले, ते काही खरे वाटेनात.
कोळंबी परत ठेवली.
'या अनुभवातून मी शिकले की' इथून सुरू होणारं
शेवटचं वाक्य मोजलं. बरोब्बर अठरा.
पंखा बंद केला.

तिकडची मध्यरात्र म्हणजे आपली सकाळी साडेदहा,
आणि दहाला आमची मीटिंग.
दहा बावीसला टेबलाखाली बटण दाबलं.
समोर कुणी फुटलेल्या टाइल्सवर बोलत होतं,
टिपणीससाहेब मान डोलावत होते, माझ्याकडे न बघता.
अर्ज मिळाल्याची ओळ उमटली.

मग जिन्यात गेले.
मुकादमांच्या जुन्या पत्राखाली त्यांच्याच हाताने
लिहिलेला नंबर. एक आकडा शाईत पसरलेला,
तीन असेल, नाहीतर आठ.
आधी तीन लावून पाहिला.